वॉर्डन रोडवरचा बंगला : कलावंतांचं घर कुणाच्या नावावर असतं?

 

आपल्या मालिकेची रीत तुम्हाला ठाऊक आहे. वास्तू घ्यायची, तिच्या खालच्या जमिनीपासून सुरुवात करायची आणि तिथे कोण आलं, कोण राहिलं, कोण गेलं ते पाहत वर यायचं. आजची वास्तू मुंबईची आहे आणि ती आता उभी नाही. तिच्या जागी एक उंच निवासी मनोरा आहे, 'आकाशगंगा' नावाचा. त्याच्यासमोरून रोज हजारो गाड्या जातात. पण भारतातल्या आधुनिक चित्रकलेचा आणि मराठी प्रायोगिक रंगभूमीचा केवढा मोठा भाग इथे घडला, हे त्या गाड्यांमधल्या फारच थोड्यांना माहीत असेल.

वास्तूचं नाव भुलाभाई मेमोरियल इन्स्टिट्यूट. तिथे जाणारे नुसतं 'भुलाभाई' म्हणायचे. 'संध्याकाळी भुलाभाईत भेटू' असं.

मुंबईतल्या एका पाडलेल्या बंगल्याची गोष्ट बंगळुरूत बसून कशाला सांगायची, असं कुणी विचारेल. त्याचं उत्तर शेवटी देतो. आधी जमीन.

समुद्राची वाट

मुंबई ही मुळात बेटं, हे शाळेत सगळेच शिकतो. त्यातलं मुंबईचं मुख्य बेट आणि वरळीचं बेट यांच्यामध्ये एक मोठी खिंड होती. भरतीच्या वेळी समुद्र तिथून आत शिरायचा आणि आतली सखल जमीन पाण्याखाली जायची. इंग्रज या खिंडीला 'ब्रीच' म्हणत. 'ब्रीच कँडी' या नावातला 'ब्रीच' तोच.

गव्हर्नर विल्यम हॉर्नबी यांच्या काळात ही खिंड बांध घालून बुजवली. काम १७८४च्या सुमारास पुरं झालं. बांधाला 'वेलार्ड' म्हणत, बांध किंवा कुंपण या अर्थाच्या पोर्तुगीज शब्दावरून. बांध पुन्हा पुन्हा ढासळत होता. मग रामजी शिवजी या पाठारे प्रभू कंत्राटदाराच्या स्वप्नात महालक्ष्मी आली, समुद्रातल्या मूर्ती बाहेर काढ म्हणाली, मूर्ती निघाल्या आणि बांध टिकला, अशी आख्यायिका आहे. आख्यायिका बाजूला ठेवली तरी एक गोष्ट खरी. बांध झाला म्हणून आतली जमीन कोरडी झाली, रस्ते झाले आणि कंबाला हिलच्या समुद्राकडच्या उतारावर बंगले उभे राहिले. त्या बाजूच्या रस्त्याचं नाव पडलं वॉर्डन रोड.

हवेशीर, समुद्रासमोरची, शहराच्या गर्दीपासून बाजूची ही जागा. साहेब, व्यापारी आणि बडे वकील इथे राहणार हे ओघानंच आलं. याच भागात ब्रीच कँडीचा पोहण्याचा तलाव आहे. तो फक्त युरोपियनांसाठी होता आणि स्वातंत्र्यानंतरही काही वर्षं तसाच राहिला. हे लक्षात ठेवा, कारण थोड्याच अंतरावरच्या एका बंगल्याचं दार त्याच वर्षांत कुणालाही उघडं होतं.

वकिलाचं घर

तो बंगला भुलाभाई देसाई यांचा. जन्म १८७७, वलसाडच्या बाजूचा. मुंबई हायकोर्टातले नामांकित वकील. १९२८च्या बारडोली सत्याग्रहानंतर चौकशी समिती बसली, तिच्यापुढे शेतकऱ्यांची बाजू त्यांनी मांडली. पुढे काँग्रेसमध्ये आले, तुरुंगात गेले आणि केंद्रीय विधिमंडळात काँग्रेस पक्षाचे नेते झाले.

१९४५ साली लियाकत अलींबरोबर केलेल्या वाटाघाटींवरून पक्षात त्यांच्याविषयी नाराजी झाली आणि पुढच्या निवडणुकीत त्यांना उमेदवारी मिळाली नाही. आणि त्याच वर्षी, नोव्हेंबरमध्ये, लाल किल्ल्यात आझाद हिंद सेनेच्या अधिकाऱ्यांवर खटला उभा राहिला. शाह नवाज खान, प्रेम सहगल आणि गुरबक्षसिंग धिल्लन हे तिघे आरोपी. बचावाचं मुख्य काम भुलाभाईंनी केलं, तब्येत ढासळलेली असताना. परतंत्र देशातल्या लोकांना स्वातंत्र्यासाठी युद्ध करण्याचा हक्क आहे, हा त्यांच्या मांडणीचा गाभा होता. जानेवारी १९४६मध्ये तिघेही सुटले. मे महिन्यात भुलाभाई गेले.

त्यांचा मुलगा धीरूभाई स्वतंत्र भारताचा प्रतिनिधी म्हणून स्वित्झर्लंडला गेला आणि १९५१ साली तिथेच वारला. मागे राहिली सून, माधुरी देसाई. आपल्या गोष्टीतलं सगळ्यात महत्त्वाचं माणूस हेच.

एवढा मोठा बंगला, मोक्याची जागा. अशा घराचं काय होतं हे आपण सगळे पाहतो. भाडेकरू येतात, नाहीतर वाटण्या होतात, नाहीतर विक्री. माधुरीबाईंनी सासऱ्यांच्या नावाची संस्था चालवली आणि सोली बाटलीवाला यांच्या साथीनं घराच्या खोल्या कलावंतांना दिल्या. भाडं नाममात्र.

खोल्या आणि माणसं

आता या खोल्यांमध्ये कोण होतं ते ऐका.

एका खोलीत वासुदेव गायतोंडे. नागपूरला जन्मलेला, गोव्याच्या घराण्यातला, गिरगावच्या चाळीत वाढलेला, जे. जे.मधून १९४८ साली बाहेर पडलेला चित्रकार. कमी बोलणारा आणि त्याहून कमी चित्रं काढणारा. त्यांच्या चित्रांतले आकार हळूहळू विरघळत गेले आणि नुसता रंग उरला, त्या प्रवासाची महत्त्वाची वर्षं इथली. त्याच आवारात मकबूल फिदा हुसेन. एकाच छपराखाली दोन अगदी उलट्या स्वभावाची माणसं! प्रफुल्ला जोशी, म्हणजे नंतरच्या प्रफुल्ला डहाणूकर, इथे काम करत होत्या. नसरीन मोहमदी ही तरुण मुलगी इथे आली आणि गायतोंड्यांचं काम तिनं जवळून पाहिलं. पुढे तिनं पेन्सिलीच्या बारीक रेषांचं जे काम केलं, ते आज जगातल्या मोठ्या संग्रहालयांत आहे. दशरथ पटेल होते. १९५९ साली बाळ छाबडा यांनी इथेच 'गॅलरी ५९' काढली. आधुनिक चित्रं विकायला खास दालन असावं ही कल्पनाच तेव्हा मुंबईत नवी होती.

दुसऱ्या बाजूला सतारीचे सूर. रवी शंकरांनी १९६२ साली काढलेली 'किन्नर' ही संगीतशाळा इथे भरायची.

तिसऱ्या बाजूला नाटक. इब्राहिम अल्काझी यांची नाट्यशाळा, त्यांच्या 'थिएटर युनिट'च्या तालमी. जवळच्याच एका इमारतीच्या गच्चीवर त्यांनी 'मेघदूत' नावाचं छोटं उघडं नाट्यगृह केलं होतं. १९६२ साली अल्काझी दिल्लीला राष्ट्रीय नाट्य विद्यालयात गेले आणि 'थिएटर युनिट' सत्यदेव दुबे यांच्या हाती आलं. बिलासपूरहून क्रिकेट खेळायला म्हणून मुंबईत आलेला हा माणूस पुढे मराठी शिकला आणि मराठी रंगभूमीचा होऊन गेला.

आणि इथेच 'रंगायन'. १९६० साली विजया मेहता, विजय तेंडुलकर, अरविंद देशपांडे अशा मंडळींनी काढलेली संस्था. व्यावसायिक रंगभूमी तेव्हा मोठ्या नाट्यगृहांवर, तिकीटबारीवर आणि ठरावीक साच्याच्या नाटकांवर चालत होती. 'रंगायन'ला हवी होती छोटी जागा, थोडे पण चोखंदळ प्रेक्षक आणि फसण्याची मुभा. ती भुलाभाईत मिळाली. आयनेस्कोचं 'खुर्च्या', खानोलकरांचं 'एक शून्य बाजीराव', तेंडुलकरांचं 'शांतता! कोर्ट चालू आहे' ही सगळी 'रंगायन'ची नाटकं. त्यांच्या आधीची मराठी रंगभूमी आणि नंतरची मराठी रंगभूमी वेगळी आहे.

आता कल्पना करा. तालमीला आलेला नट जिना चढताना उघड्या दारातून आत नजर टाकतो, तर चित्रकार कॅनव्हाससमोर बसलेला आहे. चित्रकार थकला की खाली येऊन तालीम बघत बसतो. कुणी कुणाला शिकवत नाही, पण सगळे शिकतात. आपल्याकडे चित्रकारांच्या संस्था होत्या, गाण्याच्या होत्या, नाटकाच्या तर पुष्कळच होत्या. पण या तिन्हींची पंगत एका ओसरीवर बसलीय, असं क्वचितच घडलं. या बंगल्याला कलावंतांचा संघ म्हणायचं ते या अर्थानं. वर्गणी नव्हती, सभासदांची घटना नव्हती, निवडणूक नव्हती. दारावर एक बाई होत्या आणि त्या 'या' म्हणायच्या.

मग काय झालं

दारावरचं माणूस 'या' म्हणतं तोवर सगळं ठीक असतं.

भुलाभाईचं सगळं बळ घरमालकिणीच्या मनाच्या मोठेपणात होतं आणि दुबळेपणाही तिथेच होता. खोली मिळाली ती मर्जीनं. कलावंतांच्या हातात करार नव्हता, जागेत हिस्सा नव्हता, पन्नास वर्षांनी हे काय असेल हे सांगणारा कागद नव्हता. आणि खालची जमीन तर दर वर्षी महाग होत होती. समुद्रासमोरचा, दोन मजली, ऐसपैस आवाराचा बंगला म्हणजे मुंबईतल्या बिल्डरच्या नजरेत जवळजवळ रिकामा भूखंड.

शेवटी बंगला पाडला गेला आणि 'आकाशगंगा' उभी राहिली. माणसं आधीच पांगू लागली होती. गायतोंडे १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला दिल्लीला गेले. 'रंगायन' संपली. 'थिएटर युनिट'नं ताडदेवच्या वालचंद टेरेसमध्ये बस्तान मांडलं.

एक आकडा सांगतो. गायतोंड्यांचं १९६१ सालचं एक चित्र २०२१च्या मार्च महिन्यात लिलावात जवळजवळ ४० कोटी रुपयांना गेलं. भुलाभाईच्या दिवसांतलं हे चित्र. तेव्हा या माणसाला नाममात्र भाड्याची खोली मिळाली नसती, तर त्यानं ते कुठे काढलं असतं? चित्राची किंमत होते, ज्या खोलीत ते सुचलं तिची होत नाही. आणि जमिनीची किंमत होते, तिच्यावर काय घडलं त्याची होत नाही. बाजाराला दोष देऊन उपयोग नाही. बाजार जे कागदावर असतं तेच मोजतो.

मुंबईनं रस्त्याचं नाव मात्र भुलाभाई देसाई मार्ग ठेवलं. वकिलाची आठवण राहिली आणि ती राहायलाच हवी. त्यांच्या सुनेनं काय केलं याची खूण रस्त्यावर कुठेच नाही.

इतरांनी काय केलं

हा बंगला पडला म्हणून प्रायोगिक नाटक मेलं नाही. १९७१ साली अरविंद आणि सुलभा देशपांडे, अरुण काकडे यांनी 'आविष्कार' काढलं. सुरुवातीचं मोठं नाटक 'तुघलक', गिरीश कर्नाडांचं कानडी नाटक तेंडुलकरांच्या मराठीत. १९७४ साली 'आविष्कार' दादरच्या छबिलदास शाळेच्या सभागृहात आलं. दिवसा मुलांची शाळा, संध्याकाळी नाटक. वॉर्डन रोडवरून दादरला येताना जागा साधी झाली, पण प्रेक्षकांच्या घराजवळ आली. या हॉलवरून एका चळवळीला नाव पडलं, 'छबिलदास चळवळ'. भुलाभाई, वालचंद टेरेस, छबिलदास या तीन मुक्कामांची हकिगत शांता गोखले यांनी त्या काळातल्या माणसांच्या तोंडून गोळा करून इंग्रजी पुस्तकात मांडली आहे. जरूर वाचा.

पण छबिलदासही शाळेचं होतं, नाटकवाल्यांचं नव्हे. जवळजवळ दोन दशकांनी तिथूनही निघावं लागलं आणि 'आविष्कार' माहीमच्या महापालिका शाळेत गेलं. पुन्हा दुसऱ्याचं छप्पर.

आता मद्रासकडे पाहा. १९६६ साली के. सी. एस. पणिक्कर आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी शहराबाहेर, समुद्रकिनारी, चोळमंडल हे चित्रकारांचं गाव वसवलं. सुमारे १० एकर जमीन. पैसे कुठून आले? चित्रं तेव्हा विकली जात नव्हती. या मंडळींनी बाटिक आणि इतर हस्तकलेच्या वस्तू करून विकल्या, त्यातून जमीन घेतली आणि तिच्यावर स्वतःची घरं बांधली. तेव्हा ते आडरान होतं. आज तिथे चेन्नईचा महागडा भाग आहे, तरीही गाव जागेवर आहे, कारण ते राहणाऱ्यांच्या नावावर आहे.

आणि आपल्या बंगळुरूचं उदाहरण तर तुम्ही पाहिलेलंच आहे. शंकर नाग मुंबईत मराठी नाटकं करून इथे आला, १९९० साली अपघातात गेला. त्याच्या मागे अरुंधती नाग, त्यासुद्धा मुंबईच्या रंगभूमीवर वाढलेल्या, एका न्यासाच्या वतीनं नाट्यगृहासाठी झटत राहिल्या. सरकारकडून मिळालेल्या भूखंडावर, जे. पी. नगरमध्ये, २००४ साली 'रंगशंकर' उभं राहिलं. घंटा झाल्यावर उशिरा आलेल्याला आत सोडत नाहीत, यावरून आपल्यापैकी काहींची तिथे हुज्जत झाली असेल. पण तो नियम आहे, कुणाची लहर नाही. न्यास आहे, कागद आहे, नियम आहेत, म्हणून सोमवार सोडला तर तिथे जवळजवळ रोज नाटक असतं.

नाशिकचा दगड

हे शहाणपण नवं आहे असं वाटत असेल, तर आपल्याच नाशिकला चला. पांडवलेण्यांपैकी १० क्रमांकाचं लेणं. सुमारे १९०० वर्षांपूर्वी क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात यानं हे लेणं भिक्षूंना दान दिलं आणि त्यासोबत ३००० कार्षापणांची ठेव. ठेव कुठे ठेवली? गोवर्धन गावातल्या विणकरांच्या श्रेणींकडे. श्रेणी म्हणजे कारागिरांचा संघ. २००० कार्षापण एका श्रेणीकडे, महिना शेकडा एक दरानं. १००० दुसरीकडे, महिना शेकडा पाऊण दरानं. मुद्दल कधीही परत घ्यायचं नाही, फक्त व्याज वापरायचं. २००० वर महिन्याला २० म्हणजे वर्षाला २४०. लेण्यात राहणारे भिक्षू २०, प्रत्येकाला वस्त्रासाठी १२. हिशोब तंतोतंत जुळतो. मग हे सगळं नगराच्या सभेत जाहीर केलं, फलकावर नोंदवलं आणि वर दगडातही कोरलं.

बघा, दान देणाऱ्याचं मन मोठं होतंच. पण त्याला ठाऊक होतं की मन माणसाबरोबर जातं. म्हणून त्यानं राहायची जागा, चालवायला पैसा आणि दहा लोकांसमोर झालेली नोंद, या तिन्ही गोष्टी एकदमच केल्या. श्रेणी गेल्या, क्षत्रप गेले, नगरसभा गेली. लेणं आहे आणि लेख आहे. लेण्याला अर्थात कुणी पाडून मनोरा बांधू शकत नव्हतं, हा फायदा होताच! पण कारागिरांचे संघ पिढ्यान्‌पिढ्या टिकायचे ते अशा नोंदींच्या भरवशावर.

माधुरी देसाईंकडे मन होतं आणि जागा होती. तिसरी गोष्ट, म्हणजे आपल्यानंतरही चालेल अशी कायमची सोय, ती उरली नाही. हे त्यांना दूषण नव्हे. त्या काळात आणि त्या रस्त्यावर दुसऱ्या कुणी तेवढंही केलं नाही. खरं तर ती सोय करण्याचं काम ज्यांना खोली मिळाली त्यांचंही होतं आणि ज्या शहराचं नाव त्या खोल्यांमुळे मोठं झालं त्या शहराचंही होतं.

आणि सर्जापूर रोड

आता कबूल केलेलं उत्तर. सर्जापूर हे जुन्या काळी विणकरांचं गाव, तलम कापडासाठी नावाजलेलं. आज 'सर्जापूर रोड' म्हटलं की आपल्याला मनोरे दिसतात. इथल्या मातीवरही शेतं होती, तळी होती. काही तळी लोकांनी भांडून वाचवली, काही गेली. आपण सगळे इथल्या 'आकाशगंगां'मध्येच राहतो. नावं वेगळी, एवढंच. आपल्या संकुलांत क्लबहाऊस आहे, पार्टी हॉल आहे. वाढदिवस सोडले तर आठवड्याचे कितीतरी दिवस ते कुलुपात असतात. आणि त्याच संकुलात तालमीला जागा शोधणारी मुलं आहेत, शेजाऱ्यांची झोपमोड नको म्हणून तबल्यावर चादर टाकून रियाज करणारे आहेत. आपली गणपतीची नाटकं पार्किंगमध्ये बसतात.

बहुतेक ठिकाणी एखाद्या चांगल्या सेक्रेटरीमुळे कधीतरी किल्ली मिळते. सेक्रेटरी बदलला की किल्ली बंद. वॉर्डन रोडवर जे मोठ्या प्रमाणावर झालं तेच इथे छोट्या प्रमाणावर.

पण आपल्याकडे एक गोष्ट आहे जी गायतोंड्यांकडे नव्हती, दुबेंकडे नव्हती. सामाईक जागेत आपला हिस्सा आहे आणि तो कागदावर आहे. म्हणून एकच सुचवतो. तुमच्या संकुलाच्या पुढच्या सर्वसाधारण सभेत एक ठराव मांडा. हॉल आठवड्यातल्या अमुक दोन संध्याकाळी तालमीला, रियाजाला, चित्रं काढायला खुला राहील, शुल्क इतकं, वेळ इतकी, जबाबदारी अमुक समितीची. साधी, कंटाळवाणी भाषा चालेल. मंजूर करून घ्या आणि इतिवृत्तात लिहून घ्या. विरोध होईल, आवाजाची तक्रार येईल, दोन सभा वाया जातील. होऊ द्या.

ज्या संकुलात असा ठराव झाला असेल त्यांनी त्याचा मसुदा इतरांना जरूर द्या, म्हणजे प्रत्येकाला पाटी कोरी घेऊन बसावं लागणार नाही. पुढच्या भागात आपण कोल्हापूरला जाणार आहोत. तोवर नमस्कार.